वेदी एक, दरवाजे दोन

पूर्वी आपल्या गावात नवखे मूल दिसले की वडीलधारी माणसे विचारीत, "कोणाचा रे तू? कोणत्या आळीतला?" आता हा प्रश्न मागे पडला आहे. आता विचारले जाते, "कोणत्या शाळेत आहेस?" उत्तर कानी पडताच विचारणाऱ्याला त्या मुलाचे घर, बापाची मिळकत आणि आईचे शिक्षण यांचा अदमास क्षणात बांधता येतो. शाळेच्या नावावरून कुटुंबाची पायरी ओळखली जाते, हे आजच्या आपल्या ख्रिस्ती समाजाचे वास्तव आहे. ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात खटकण्याजोगे काही आहे, असे कोणास वाटेनासे झाले आहे. आम्हांस ते खटकते. म्हणून हा लेखनप्रपंच.

वसई-विरारच्या पट्ट्यातील कोणत्याही मोठ्या धर्मग्रामाचे उदाहरण घ्या. सर्वांत खालच्या पायरीवर जिल्हा परिषदेची शाळा. तिच्या वर धर्मग्रामाची अनुदानित मराठी शाळा. त्याच शाळेतील सेमी-इंग्रजीची तुकडी ही आणखी अर्धी पायरी. तिच्या वर राज्य मंडळाची इंग्रजी शाळा, तिच्याही वर सीबीएसई आणि आयसीएसई, आणि शिखरावर 'इंटरनॅशनल'. तळाशी फी नाही. शिखरावर ती वर्षाला काही लाखांच्या घरात जाते. प्रत्येक पायरीवरील पालकाची नजर वरच्या पायरीवर खिळलेली असते आणि खालच्या पायरीकडे त्याची पाठ असते. शेतमजूर, मासळी विकणारी कोळीण, पूर्वेच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार आणि धुणीभांडी करणारी बाई यांची मुले कोठे बसतात; शिक्षक, बँकेतील नोकरदार, आखातात गेलेला तंत्रज्ञ आणि जमीन विकून इमारत उभी करणारा बागायतदार यांची मुले कोठे बसतात, हे आम्ही सांगावयास नको. आपण ते जाणता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: आपण मुलासाठी शाळा निवडतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात आपण त्याच्यासाठी वर्ग निवडत असतो, आणि तो वर्ग शाळेतला नसून समाजातला असतो. शाळेची निवड ही आता घराघरातील खाजगी बाब उरलेली नाही. ती एका धर्मग्रामाचे दोन धर्मग्राम करीत आहे.

हक्क आणि ऐपत

पालकांच्या हक्काविषयी आरंभीच स्पष्ट बोलू. मुलांचे आद्य शिक्षक आईवडीलच, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसृत केले, त्यात शाळा निवडण्याचे पालकांचे स्वातंत्र्य निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातही ते आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी, कर्नाटकातील शाळांच्या खटल्यात, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला पालकांवर लादता येणार नाही असा निर्णय दिला. तेव्हा हा हक्क कोणाकडून काढून घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही.

परंतु विश्वपरिषदेने त्याच घोषणापत्रात आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि तिचा उच्चार आपण क्वचितच करतो. हे स्वातंत्र्य खरेखुरे असले पाहिजे, आणि त्यासाठी सार्वजनिक पैशाचे वाटप असे व्हावे की पालकांना आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार शाळा निवडता यावी, असे परिषद म्हणते. म्हणजे ज्याला निवडण्याची ऐपत नाही त्याच्या हक्काची चिंता परिषदेने वाहिली आहे. आपण मात्र परिषदेचे अर्धे वाक्य उचलले आणि अर्धे तेथेच ठेवले. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो शाळा निवडतो. ज्याच्या गाठीला नाही त्याच्या वाट्याला शाळा येते. या दोन्ही गोष्टींना 'निवड' हाच एक शब्द वापरणे, ही भाषेची फसवणूक आहे.

आणि आड येतो तो केवळ फीचा आकडा असे नाही. बसचे भाडे, दोन प्रकारचे गणवेश, बूट, प्रकल्पाचे साहित्य, सहल, शिकवणी या साऱ्यांची बेरीज फीच्या पावतीवर दिसत नाही. माहिती हीसुद्धा एक मालमत्ता आहे. पहिलीत मुलाचे नाव घालावयाचे असते, एवढे मजुरी करणाऱ्या आईला ठाऊक असते. तिला ठाऊक नसते ते हे की ज्या शाळेकडे ती आशेने पाहते, तिचा दरवाजा तीन वर्षांपूर्वीच, नर्सरीच्या प्रवेशांच्या वेळी, बंद झालेला आहे. ज्यांना ते ठाऊक असते, त्यांना कोणीतरी सांगितलेले असते; आणि असे सांगणारे 'कोणीतरी' प्रत्येकाच्या गणगोतात असतातच असे नाही.

तीन कारणे आणि चौथे

वरच्या पायरीची शाळा का हवी, असे विचारले असता पालक सहसा तीन कारणे देतात: इंग्रजी, गुणवत्ता आणि संस्कार. तिन्ही कारणे आदराने तपासून पाहू.

इंग्रजीची गरज आम्ही नाकारीत नाही. जोतिराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सावित्रीबाईंनी आपल्या कवितेतून इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला. शूद्रातिशूद्रांना कोंडून ठेवणारी दारे या भाषेने उघडतील, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा गरिबाला मातृभाषेचे पोवाडे ऐकवून इंग्रजीपासून दूर ठेवणे हा अन्यायच होय. पण इंग्रजी चांगले येणे आणि सर्व विषय इंग्रजीतून घोकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. सेमी-इंग्रजीच्या तुकड्यांत गणित व विज्ञान इंग्रजीतून चालते. आमच्या पिढीतील वसईचे कितीतरी धर्मगुरू गावच्या मराठी शाळेतून थेट सेमिनरीत गेले आणि तेथे तत्त्वज्ञान व ईशज्ञान इंग्रजीतून शिकले. पाया पक्का असला की दुसरी भाषा त्यावर उभी राहते.

दुसरे कारण गुणवत्तेचे. शाळेच्या दरवाजावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो. पण त्याच दरवाजात तीन वर्षांच्या बालकांची आणि त्यांच्या आईबापांची चाळणी झालेली असेल, तर तो निकाल शाळेचा म्हणावा की चाळणीचा? ज्याच्या घरी पुस्तके आहेत, अभ्यासाला बसायला कोपरा आहे, चुकले तर सांगणारी शिकलेली आई आहे आणि संध्याकाळी शिकवणी आहे, ते मूल कोणत्याही शाळेत तरून जाते. शाळेची खरी परीक्षा अशा मुलावर होत नाही. ज्याच्या घरात या चारही गोष्टी नाहीत त्या मुलाला जी शाळा उभे करते, ती गुणवत्तेची शाळा. या निकषावर फलक रंगवावयाचे ठरले, तर पुष्कळ फलक उतरवावे लागतील आणि काही साध्या मराठी शाळांच्या भिंतींवर प्रथमच फलक लागतील.

तिसरे कारण संस्कारांचे. पण ख्रिस्ती संस्कार म्हणजे नेमके काय? इंग्रजीतून केलेली प्रार्थना, टापटीप आणि 'गुड मॉर्निंग, फादर' एवढ्याने जर ते भागत असतील तर गोष्ट निराळी. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना जी रीत शिकवली, तीत जकातदार, कोळी, आजारी आणि परके यांच्या पंगतीला बसणे हा पहिला धडा होता. स्वतःसारख्याच घरांतील मुलांमध्ये चौदा वर्षे वाढलेल्या मुलाला हा धडा कोण आणि कधी देणार?

ही तीन कारणे संपली की चौथे पुढे येते. ते सहसा आवाज खाली आणून सांगितले जाते: "तिथले वातावरण चांगले नाही हो, फादर." हा 'वातावरण' शब्द मोठा सोयीचा आहे. तो वर्गखोल्यांबद्दल नसतो, शिक्षकांबद्दलही नसतो. आणखी थोडे विचारले की वाक्य पूर्ण होते: "तिथे कसली कसली मुले येतात." ती 'कसली कसली' मुले म्हणजे आपल्याच धर्मग्रामातील, आपल्याच प्रार्थनामंदिरात बाप्तिस्मा झालेली मुले असतात. म्हणून आम्ही म्हणतो की पालक शाळेची इमारत वा अभ्यासक्रम तितकासा निवडत नाहीत. ते मुलाची सोबत निवडतात.

सोबतीचे महत्त्व खोटे नाही. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष असा की मुलाच्या प्रगतीवर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीचा प्रभाव कितीतरी अधिक पडतो. आणि शाळेतील गोष्टींत सर्वांत प्रभावी ठरते ती सोबतच्या विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी. सोबतीचा हा परिणाम वंचित घरांतील मुलांवर अधिक होतो, असेही तीत दिसून आले. याचा अर्थ विचारात घ्या. सुस्थितीतील मुलाला गरिबाच्या शेजारी बसवल्याने त्याचे फारसे बिघडत नाही, पण गरिबाचे पुष्कळ साधते. आणि सुस्थितीतील मुलाला उचलून नेले की गरिबाचे पुष्कळ जाते.

शाळा ओस कशी पडते

"आम्ही शाळा सोडली कारण तिचा दर्जा घसरला," असे पालक म्हणतात. हा क्रम उलटा आहे. घसरण कशी होते ते पाहा. गावातील शिक्षक, कारकून, परिचारिका, बागायतदार यांची मुले प्रथम बाहेर पडतात. पालकसभेत उठून "गणिताचा शिक्षक तीन महिने का नाही?" असे विचारणारा आवाज त्यांच्याबरोबर निघून जातो. उरतात ती माणसे, ज्यांना सभेला येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि जी आलीच तर मागच्या बाकावर बसून मुकाट्याने ऐकतात. पट कमी होतो. पटावर संचमान्यता अवलंबून असते. पट घटला की शिक्षकांची पदे घटतात, तुकडी तुटते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे समायोजित होतो. उरलेल्या शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात. मग प्रयोगशाळेचे कुलूप गंजते. आणि मग, ज्यांच्या जाण्याने हे सारे झाले तेच बोट दाखवून म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

हा धोका कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतिराव फुले यांनी वरच्या वर्गांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल या कल्पनेचा समाचार घेतला होता आणि रयतेच्या करातून उच्चवर्णीयांचे उच्च शिक्षण पोसले जाते, हे दाखवून दिले होते. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात इशारा दिला की भारतातील शिक्षणच समाजाचे तुकडे पाडीत आहे. आणि उपाय म्हणून शेजारशाळेची, म्हणजे एका परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत जाण्याची, कल्पना मांडली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या महाराष्ट्रातले. आयोगाचा युक्तिवाद दुहेरी होता: सधन पालकांची मुले त्या शाळेत असली की शाळा सुधारण्यात त्यांचाच स्वार्थ गुंतेल, आणि इतरांपासून तोडून वाढवलेल्या सधन मुलांचे शिक्षणही अपुरेच राहते. साठ वर्षांत ही शिफारस अहवालाबाहेर पडली नाही. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी अधिकाऱ्यांची व लोकप्रतिनिधींची मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, असा आदेश दिला. तर्क हाच होता. तो आदेश कागदावरच राहिला, कारण ज्यांनी तो अमलात आणावयाचा त्यांचीच मुले त्यात गुंतलेली होती.

ख्रिस्तसभेच्या शाळा

आता आपल्या अंगणात येऊ. कित्येक धर्मग्रामांत एकाच आवारात दोन शाळा आहेत: एक मराठी, एक इंग्रजी. संस्था एक, मैदान एक, पालक संत एक. परंतु गणवेश दोन, प्रार्थनेच्या वेळा दोन, स्नेहसंमेलने दोन आणि पुष्कळदा दरवाजेही दोन. माध्यमाचा भेद समजण्यासारखा आहे; दरवाजाचा भेद कशासाठी? एवढ्यावर हे थांबत नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाचे वर्गही मराठी आणि इंग्रजी असे विभागले जातात. म्हणजे प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारीसुद्धा मुले दोन वेगळ्या गटांत बसून करतात, आणि कोणाचा गट कोणता हे साऱ्यांना माहीत असते.

कायद्याची बाजूही पालकांना ठाऊक असावी. २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखण्यास सांगितले आणि प्रवेशाच्या वेळी बालकाची वा पालकांची चाळणी करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले, आणि ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने अनुदानित असोत वा विनाअनुदानित, सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी मात्र दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयीच शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाकडून फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले.

घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आम्हांस प्राणप्रिय आहे आणि त्यावर घाला आला तर आम्ही गप्प बसणार नाही. पण हा हक्क घटनाकारांनी दुर्बलांच्या रक्षणासाठी दिला. दुर्बलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी तो वापरला गेला, तर त्याच्या रक्षणाची आपली भाषा पोकळ ठरेल. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की ख्रिस्ती शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत आणि सर्व अल्पसंख्याक शाळांतील अवघे ८.७६ टक्के विद्यार्थी सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतले आहेत. त्या अहवालामागील हेतूंविषयी पुष्कळांनी संशय घेतला. तो संशय बाजूस ठेवून आकडे पाहा. पहिल्या आकड्याची आम्हांस खंत नाही. आपल्या शाळा साऱ्यांसाठी खुल्या आहेत ही भूषणाची बाब आहे. दुसरा आकडा मात्र टोचतो. आपण ख्रिस्तेतर श्रीमंताला प्रवेश दिला आणि ख्रिस्ती वा ख्रिस्तेतर गरिबाला दिला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

रोमच्या कॅथलिक शिक्षणविषयक मंडळाने १९७७ साली कॅथलिक शाळेसंबंधी जो दस्तऐवज काढला, त्यात ही शक्यता आधीच ओळखली होती. कॅथलिक शाळा मुख्यतः सधन वर्गाकडे वळल्या, तर त्या वर्गाचे वर्चस्व टिकवून धरण्यास आणि अन्याय्य समाजरचनेस हातभार लावतील, असा स्पष्ट इशारा तेथे आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यांतला असे दोन मनुष्य सभेत आणून उभे केले आहेत. एकाला सन्मानाची जागा आणि दुसऱ्याला पायाशी जागा देणाऱ्यांना त्याने दुष्ट बुद्धीचे न्यायाधीश ठरवले. आईबापांना त्यांच्या पदव्या आणि पगार विचारून बालकाला प्रवेश देणे वा नाकारणे, याला याकोबाने कोणते नाव दिले असते?

आपल्याच परंपरेत याचे उत्तर देणारे संत आहेत. स्पेनचे संत जोसेफ कालासान्झ यांनी १५९७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत, सांता दोरोतेआच्या धर्मग्रामात, विनामूल्य शाळा उघडली. फ्रान्सचे संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल हे सधन घरात जन्मले आणि १६८३-८४ च्या दुष्काळात आपली संपत्ती वाटून मोकळे झाले. त्या काळी वाचन लॅटिनपासून शिकवले जाई, कारण लॅटिन ही प्रतिष्ठेची भाषा. यांनी ते मुलांच्या फ्रेंचपासून शिकवले. शाळा इतक्या उत्तम झाल्या की ऐपतदारांची मुलेही गरिबांच्या बाकावर येऊन बसू लागली आणि फी घेणाऱ्या पॅरिसच्या लेखनशिक्षकांनी द ला साल यांच्यावर खटले भरले. फुकट शाळेत फी देऊ शकणारी मुले बसतात, अशी त्यांची तक्रार होती. आज आपल्या कोणत्या शाळेवर असा खटला भरला जाईल?

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप: "समाज सुधारण्यासाठी आमच्याच मुलांवर प्रयोग का?" पालकांचे हे भय खरे आहे. पण एकट्याने उडी घ्या, असे आम्ही म्हणत नाही. एका आळीतील दहा घरे ठरवून एकत्र आली तर त्यांची मुले एकटी पडत नाहीत आणि शाळेला तीच दहा घरे जाब विचारू शकतात. एकेकट्याने शाळा सोडली म्हणून ती बुडाली. अनेकांनी मिळून धरली तर ती वर येईल.

दुसरा आक्षेप: "गरीबही आता इंग्रजी माध्यमच मागतात." खरे आहे. कर्ज काढून, दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या आणि अर्धशिक्षित शिक्षकांवर चालणाऱ्या इंग्रजी शाळेत ते मुलाला घालतात. त्यांना दोष का द्यावा? त्यांनी आपल्याकडे पाहिले आणि जे पाहिले त्याचे अनुकरण केले. मराठी साहित्याच्या व्यासपीठावरून मातृभाषेचा गौरव करणाऱ्याची स्वतःची मुले कोठे शिकतात, हे मजुराला बरोबर कळते.

येथे या त्रैमासिकाच्या वाचकांशी थोडे कठोर बोलणे भाग आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. या चार शतकांचा आपण अभिमान बाळगतो. परंतु मराठी शाळा ही ज्यांना बाहेर पडता आले नाही अशांची शाळा ठरली, तर मराठी ही ज्यांना बाहेर पडता आले नाही अशांची भाषा ठरेल. मग हे त्रैमासिक आपल्या नातवंडांपैकी कोण वाचणार?

तिसरा आक्षेप व्यवस्थापनांचा: "फी नसेल तर पगार कोठून द्यावयाचे?" हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पण साऱ्या जागा फुकट द्या, असे कोणी म्हणत नाही. चार भरणारे असले तर पाचव्याचा भार उचलता येतो. सणाचा बँड, आतषबाजी, मंडप आणि लग्नाच्या जेवणावळी यांवर आपला समाज जे उधळतो, त्यातील थोडा हिस्सा वळवला तरी पुष्कळ बालकांची वर्षाची सोय होईल.

काय करावे

उपदेश करून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. आमच्या मागण्या मोजक्या आणि करण्याजोग्या आहेत.

पहिली: न्यायालयाचा निर्णय काहीही होवो, आपल्या प्रत्येक विनाअनुदानित शाळेने नर्सरीपासूनच पंचवीस टक्के जागा गरीब घरांतील मुलांसाठी स्वेच्छेने राखाव्यात, त्या सोडतीने भराव्यात आणि त्या मुलांची वेगळी तुकडी करू नये. कायद्याने सांगण्याआधी केलेली गोष्ट धर्म ठरते. सांगितल्यावर केलेली केवळ पालन.

दुसरी: बालकाची आणि पालकांची मुलाखत कायमची बंद व्हावी. प्रवेशांच्या तारखा तीन रविवार आधी प्रत्येक मिस्साच्या शेवटी जाहीर व्हाव्यात, आणि अर्ज भरून देण्यासाठी तरुणांनी धर्मग्राम कार्यालयात बसावे.

तिसरी: जेथे एका आवारात दोन शाळा आहेत, तेथे दरवाजा, मैदान, ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्रार्थना आणि स्नेहसंमेलन एक व्हावे. धर्मशिक्षणाचे वर्ग इयत्तेप्रमाणे भरावेत, माध्यमाप्रमाणे नव्हे. दोन भाषांतून शिकवणे अवघड आहे, अशक्य नाही.

चौथी: धर्मग्रामाच्या पालकीय मंडळावरील सभासद आणि आपल्या शाळांतील शिक्षक यांनी आपली मुले कोठे शिकतात, याचा स्वतःशी विचार करावा. ज्या हॉटेलातील आचारी बाहेर जाऊन जेवतो, त्या हॉटेलात गिऱ्हाइकाने का बसावे? ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत, अशा निवृत्त शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीत यावे आणि मागच्या बाकावरील आईच्या वतीने प्रश्न विचारावेत.

हे सारे धर्माच्या बाहेरचे सामाजिक काम आहे, असे कोणी समजू नये. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि काम आटोपून उशिरा पोहोचणारा गरीब उपाशी राही. संत पौलाने त्यांना बजावले की अशा रीतीने एकत्र येण्याला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही. त्यांच्या उपासनेचा विधी चुकला होता, असे त्याने म्हटले नाही. त्यांची पंगत चुकली होती. आपल्या वेदीवरही दर रविवारी एकच भाकर मोडली जाते. तिच्यापुढे शेजारी गुडघे टेकणारी दोन बालके सोमवारी दोन दरवाजांनी आत जातात, आणि त्यांतील एक दुसऱ्याला शाळेत ओळख दाखवीत नाही. या दोन दिवसांपैकी कोणता दिवस खरा, हे मुले आपल्याला न विचारताच ठरवीत असतात.

पुढील वर्षाच्या प्रवेशांचे अर्ज वाटले जाण्यापूर्वी हा विषय प्रत्येक धर्मग्रामाच्या पालकीय मंडळापुढे यावा, ही आमची मागणी आहे. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनीही त्या सभेस अवश्य यावे; आणि येताना ज्यांची मुले खालच्या पायरीवर आहेत, अशा एका तरी घराला बरोबर आणावे.